सासऱ्याचं नाव रॉबर्ट

आमच्या ह्यांचं नाव मला विचारू नका. लग्न होऊन कोक-ओझोनला आले त्या दिवसापासून ते माझ्या तोंडून निघालेलं नाही, आणि आता नात खेळवायच्या वयात निघायचंही नाही. आम्हा किरगीझांकडे सून घरात आली की सासरच्या थोरामोठ्यांची नावं तिला बंद. सासरा, चुलत सासरे, थोरले दीर, झाडून सगळे. नवरा तर धरूनच चाला. मग हाक कशी मारायची? तर प्रत्येकाला आपण आपलं एक नाव द्यायचं. माझे एक दीर ताडमाड आहेत, ते उंच भावजी. दुसरे दिवसभर रेडिओ कानाला लावून बसायचे, ते रेडिओ भावजी. रेडिओ केव्हाच बंद पडला, कोंबडी त्यावर अंडी घालते, पण भावजी अजून रेडिओच. आणि आमचे हे, ते हेच.

या एवढ्याशा गोष्टीपायी आमच्या गावचं इंग्रजी बुडता बुडता राहिलं. कसं ते सांगते.

आमच्या गावावरून एक रस्ता खिंडीत चढतो आणि पलीकडच्या कुरणांकडे उतरतो. उन्हाळ्यात त्या रस्त्यानं सायकलवाले येतात. जर्मन, फ्रेंच, कुठले कुठले. उघड्या गुडघ्यांचे, सोललेल्या नाकांचे, सायकलीवर अख्खं बिऱ्हाड लादलेले. खालच्या काराझार गावच्या शाळामास्तरला इंग्रजी येतं. त्यामुळे हे लोक तिथे थांबतात, तिथे जेवतात, झोपतात, नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, गालिचे विकत घेतात. आमच्या गावात आम्ही कडेला उभे राहून हात हलवायचो. तेही हात हलवायचे. झाला व्यवहार.

एकदा एक म्हातारं जर्मन जोडपं आमच्याकडे थांबलं, कारण त्यांच्या सायकलीचं चाक मोडलं होतं. रेडिओ भावजींनी खुणेनं विचारलं, कुठे? त्यांनी खिंडीकडे बोट दाखवलं. भावजी मोठ्या मनाचे. सायकली ट्रकमध्ये चढवल्या, दोघांना शेजारी बसवलं आणि खिंड ओलांडून पार पलीकडच्या पायथ्याशी नेऊन सोडलं. पैसे घेतले नाहीत. वर वाळवलेल्या दह्याचे गोळे बांधून दिले.

ते तिकडूनच आले होते. सायकली ढकलत ढकलत, धापा टाकत ती खिंड चढून आले होते.

"बाई इतकी भारावली," भावजी अजून सांगतात, "दगडावर बसून रडायला लागली."

काराझारवाले तेव्हापासून पाहुण्यांना बजावतात, वर जपून जा, तिथले लोक परत पाठवतात. आमच्या मुखियाला ते झोंबलं. त्यानं शहरातल्या एका संस्थेला अर्ज केला, आणि पुढच्या शरदात मॉराग आली.

मॉराग स्कॉटलंडची. तांबडे केस, मोठं हसू, आणि थंडीत उघड्या डोक्यानं हिंडायची, त्यामुळे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या एकमतानं म्हणायच्या की ही जगत नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं आम्हा बायकांना चहाला बोलावलं. आम्ही नटूनथटून गेलो, गालिच्यावर बसलो. तिनं प्रत्येकीचा प्याला काठोकाठ भरला.

आता आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच ओततात. म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, पाहुणा बसतो, गप्पा होतात. प्याला काठोकाठ भरला याचा अर्थ, प्या आणि निघा. आम्ही प्यालो आणि निघालो. मॉराग हातात केक घेऊन दारात उभी, डोळे भरलेले. आम्हीही रागावलेल्या. बोलावून हाकलते म्हणजे काय! शेवटी तिला कुठल्या भाषेत समजावणार? ती बर्फातून केक घेऊन आमच्या मागे धावत आली, तेव्हा कुठे एवढं कळलं की बाई दुष्ट नाही, अडाणी आहे.

वर्ग शाळेत भरायचा होता. पण पहिल्याच हिमात शाळेला ऊब देणारी वाफेची नळी फुटली. मग ठरलं, आळीपाळीनं घरोघरी भरवू. आमच्या घरी माणूस आलं आणि उपाशी गेलं, असं झालं तर आम्ही गावात तोंड दाखवू शकत नाही. पहिल्या घरी तळलेल्या पिठाचे बोर्सोक आणि साय. दुसरीनं ते ऐकून घोड्याच्या मांसाचे सॉसेज काढले. तिसरीनं मेंढा कापला. इंग्रजी थोडंसं, मग ताट, मग चहा, मग डुलकी. मॉराग हुशार, एव्हाना आमची भाषा तोडकीमोडकी बोलायला लागलेली. म्हणाली, जे समोर आहे तेच शिकवते. त्यामुळे हिवाळा संपेपर्यंत सगळ्या गावाला अस्खलित इंग्रजी येत होतं, पण ताटापुरतं. बसा. घ्या. आणखी घ्या. का नको? हे खा, ते खा. निरोप घ्यायचा धडा पुस्तकाच्या शेवटी होता, तिथपर्यंत कुणी जागं राहिलंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक फ्रेंच पोरगा पाणी मागायला उंच भावजींच्या दारात थांबला. बिचारा तीन दिवस अडकला. उठायला लागला की कुणीतरी म्हणायचं, "सिट! ईट!" तो हात जोडायचा, त्याला वाटायचं आमच्याकडे असाच कायदा आहे. सुटला तेव्हा सायकलीवर नीट बसता येईना. पण त्यानं घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, तेव्हापासून त्याच्या ओळखीचे लोक काराझार सोडून आमच्याकडे यायला लागले. भूक लागली की येतात.

सगळ्या गावात खरं इंग्रजी शिकली ती एकटी माझी सून, मीरगुल. तिला ताटापुढचं हवं होतं. गाय पिळताना पुटपुटायची, कपडे वाळत घालताना पुटपुटायची. आमचे हे म्हणायचे, "सूनबाई गायीला काय सांगतेय?"

"तिला इंग्रजीत दूध द्यायला सांगतेय," मी म्हणायची.

"मग देत का नाही?"

"गाय तुमच्यासारखी. वर्गाला जात नाही."

हे वर्गाला कधी गेले नाहीत. म्हणायचे, माझ्या घोड्याला किरगीझ कळतं, मला किरगीझ कळतं, मध्ये इंग्रजीचं काय काम? ते त्यांचं म्हणणं बदललं एका डॅनिश बाईमुळे. ती कुरणावरच्या आमच्या उन्हाळी तंबूत उतरली होती. जेवता जेवता एकदम गळा धरून उभी राहिली, तोंड लाल, ओठ सुजलेले. आम्हाला वाटलं घास अडकला. मी चहा पाजायला धावले, रेडिओ भावजींनी पाठीत असे रट्टे घातले की बाई पुढच्या ताटावर पडली. ती काहीतरी ओरडत होती. आम्ही म्हणत होतो, "ईट! ड्रिंक!" मीरगुल बाहेरून पळत आली, वाकून तिचं ऐकलं, आणि म्हणाली, "अक्रोड! तिला अक्रोड चालत नाही! लाल पिशवीत औषधाची सुई आहे!" पिशवी सापडली, सुई मांडीत टोचली, आणि थोड्या वेळानं बाईचा श्वास सरळ झाला.

त्या दिवशी हे रात्री उशीवर डोकं टेकून म्हणाले, "मला वाटायचं इंग्रजी म्हणजे पोटाची भाषा. ही तर जिवाची निघाली." आणि सकाळी उठून गावभर सांगितलं, माझ्या सुनेनं डेन्मार्क वाचवला.

मॉरागचं वर्ष संपत आलं. संस्थेचं म्हणणं, आता खोऱ्यातल्या एका गावात कायमचा वर्ग काढू, तिथलाच शिक्षक नेमू, त्याला पगार देऊ. एकच गाव, आणि तेही परीक्षा घेऊन निवडायचं. काराझारकडून शाळामास्तर उभा राहिला, आमच्याकडून मीरगुल.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? माझा मुलगा तालाय रशियात येकातेरिनबुर्गला गोदामात काम करतो. त्यानं तिथे मीरगुलसाठी एका खानावळीत कामाचं बघून ठेवलं होतं, तिकीट सुद्धा काढलं होतं. नोकरी मिळाली तर ती इथेच राहणार, आणि तोही परत येणार. नाही मिळाली तर ती रेल्वेत बसणार, आणि छोटी आयदाय माझ्यापाशी. नातीनं बापाला फोनमध्येच पाहिलंय, जेवताना फोनला घास भरवते. आता आईलाही भरवायला लागली असती. मी कुणाला काही बोलले नाही, पण माझ्या जिवाला त्या परीक्षेचा घोर लागला होता.

मीरगुल निर्धास्त होती. मॉराग म्हणाली, परीक्षा तोंडी, गावच्या सभागृहात, सगळ्यांसमोर. तिचे भाग आहेत. पहिला भाग सगळ्यात सोपा, 'मी आणि माझं कुटुंब'. तो चुकला तर पुढचं विचारतच नाहीत.

मीरगुलचा चेहरा उतरला. "त्यात काय विचारतात?"

"काही नाही गं. नवऱ्याचं नाव काय, सासऱ्याचं नाव काय."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. नवऱ्याला ती आयदायचे बाबा म्हणते. सासऱ्यांना मामंजी. वर्गाच्या पहिल्याच दिवशी मॉरागनं कुटुंबाचं झाड काढायला सांगितलं होतं, तर हिनं माहेरच्या फांद्यांवर सगळी नावं घातली आणि सासरच्या फांद्यांवर 'उंच', 'रेडिओ' आणि 'घरातले मोठे'. मॉरागला वाटलं, सासर राजघराणं आहे आणि हे किताब आहेत.

संध्याकाळी आमच्याकडे वडीलधारे जमले. इंग्रजीत नाव घेतलेलं चालतं का, यावर खल सुरू झाला.

"चालतं," उंच भावजी म्हणाले. "बंदी घातली कुणी? पूर्वजांनी. त्यांना इंग्रजी येत होतं का? मग त्यांनी इंग्रजीला कशी बंदी घातली?"

"नाव तेच ना पण?" रेडिओ भावजी म्हणाले. "लंडनला नेलं म्हणून नावाचं काय दुसरं होतं? तिथे तुला काय गाढव म्हणतील?"

"म्हणतीलही. तिथे कुणी मला ओळखत नाही."

"पण विमानात बसलं की बंदी उठते, असं मी ऐकलंय," रेडिओ भावजी म्हणाले.

"कुठे ऐकलंस?"

"रेडिओवर."

"तो कोंबडीचा आहे आता!"

आमचे हे वैतागले. "अरे, नाव माझं आहे ना? मग मी परवानगी देतो. घे पोरी माझं नाव. मोठ्यानं घे."

मीरगुल उभी राहिली. डोक्यावरचा रुमाल नीट केला. तोंड उघडलं आणि तिला उचकी लागली. पाणी दिलं. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा उचकी. नाव तिच्या गळ्यापर्यंत यायचं आणि तिथून माघारी पळायचं. ती रडकुंडीला आली.

"जाऊ दे," मी ह्यांना म्हटलं. "परवानगी तुम्ही तिला दिलीत. तिच्या घशाला कोण देणार?"

तोडगा काढला मॉरागनं. "वर्गात मी सगळ्यांना एकेक इंग्रजी नाव देते," ती म्हणाली. "खोटं नाही ते, वर्गातलं नाव. मामंजींना पण देऊ. माझ्या आजोबांचं नाव रॉबर्ट होतं. भले गृहस्थ होते, घोडे पाळायचे."

घोडे म्हटल्यावर हे विरघळले. आरशासमोर उभे राहिले, टोपी सारखी केली, मिशी पिळली, हळूच म्हणाले, "रॉबर्ट." मग दुसऱ्या बाजूनं बघून म्हणाले, "रॉबर्ट." दोन्ही बाजूंनी बसलं. मीरगुलला सुद्धा सहज म्हणता आलं, उचकीबिचकी काही नाही. तयारी सुरू झाली. ती म्हणायची, माझ्या सासऱ्यांचं नाव रॉबर्ट, की हे उठून उभे राहायचे आणि छातीवर हात ठेवून वाकायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, हौस. गावानं तर उच्छाद मांडला. "रॉबर्टराव, शेण काढलंत का?" "रॉबर्ट, तुझी मेंढरं माझ्या शेतात शिरलीत, इंग्रजीत बोलाव त्यांना!"

परीक्षेच्या दिवशी सभागृहात मुंगीला जागा नव्हती. लग्नाला येत नाहीत तेवढे लोक आले. मागच्या अंगणात मेंढा शिजत होता. व्यासपीठावर दोन परीक्षक. एक हॅलोरन साहेब, संस्थेचे, मोठ्या पोटाचे आणि त्याहून मोठ्या हसण्याचे. दुसऱ्या राजधानीच्या बुरुलाय मॅडम, आपल्यातल्याच, पण शहरात वाढलेल्या. उंच टाचांचे बूट आणि असा चेहरा की आधीच कुणीतरी चूक केलीय. काराझारच्या मास्तरची परीक्षा सकाळी झाली होती. खाली बसून तो मिशीत हसत होता.

मीरगुल उभी राहिली. हॅलोरन साहेबांनी विचारलं, घरी कोण कोण आहे? तिनं छान सांगितलं. सासू आहे, तिच्या हातच्या सायीला तोड नाही. मला थोडंफार कळतं, मी ताठ बसले. मग त्यांनी विचारलं, सासऱ्यांचं नाव?

"माझ्या सासऱ्यांचं नाव रॉबर्ट," मीरगुल इंग्रजीत म्हणाली.

साहेबांनी एकदम मान वर केली. चेहरा उजळला. "रॉबर्ट? अरे वा! ते मूळचे कुठले?"

हे आमच्या तयारीत नव्हतं. "इथलेच," ती म्हणाली.

"मग रॉबर्ट कसे? त्यांचे वडील परदेशी होते का? त्यांचं नाव काय?"

आता आजेसासऱ्यांचं नाव तर सासऱ्यांहून वरचं. मीरगुलनं इकडेतिकडे पाहिलं. "रॉबर्ट," ती म्हणाली.

"तेही रॉबर्ट? आणि सासऱ्यांना भाऊ?"

"दोन. थोरले रॉबर्ट." तिनं दुसरं बोट मुडपलं. "आणि दुसरेही... रॉबर्ट."

"आणि तुझा नवरा?"

मीरगुलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अगदी हळू म्हणाली, "रॉबर्ट."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हॅलोरन साहेब बावरले. त्यांनी सभागृहाकडे वळून मोठ्यानं विचारलं, "यात रॉबर्ट कोण आहे?"

आपलं नाव ऐकल्याबरोबर आमचे हे उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून वाकले. तर उंच भावजींनाही कळलं होतं की आपणही आता रॉबर्ट आहोत. ते उठले. रेडिओ भावजी मागे राहतील होय? तेही उठले. तीन पांढऱ्या नमद्याच्या टोप्या, तीन मिशा, तिन्ही रॉबर्ट ओळीनं वाकले.

सभागृह असं हसलं की छपरावरची कबुतरं उडाली. काराझारच्या मास्तरनं तर डोळे पुसले. हसल्या नाहीत त्या बुरुलाय मॅडम. त्यांनी चष्मा काढला.

"ही थट्टा आहे?" त्या आमच्या भाषेत म्हणाल्या. "परीक्षेत खोटी माहिती? या बाईला पहिल्या धड्याचं उत्तर येत नाही."

मॉराग धावली, बंदीचं सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मी पण किरगीझच आहे, मला शिकवू नका. माझ्या आजीनंही नावं घेतली नाहीत. पण माझी आजी इंग्रजीच्या परीक्षेला बसली नव्हती. मुली, शेवटची संधी. खरं नाव सांग, नाहीतर पुढचे प्रश्न नाहीत."

मीरगुलनं तोंड उघडलं. उचकी. पुन्हा. उचकी. मागून एक टवाळ ह्यांचं नाव घेऊन ओरडला, तर मॅडमनी दटावलं, "सांगायचं नाही!" सभागृहातल्या सगळ्या सुना खाली बघत होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात तेच अडकलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ती रेल्वे उभी राहिली, खिडकीत मीरगुल, आणि फलाटावर आयदाय घास घेऊन.

तेवढ्यात आमचे हे उठून व्यासपीठाकडे चालू लागले. मी मागून कोट ओढला, "कुठे निघालात? पुन्हा वाकू नका!" त्यांनी कोट सोडवून घेतला.

"मॅडम," ते म्हणाले, "नाव माझं आहे. मला विचारा."

"परीक्षा तुमची नाही, आजोबा."

"मग तिला मला विचारू दे. ती मास्तरीण व्हायला आलीय ना? मी एक दिवस वर्गाला गेलेलो नाही. मला एक अक्षर येत नाही. शिकव गं पोरी. मी बसतो." आणि शाळेतून आणलेल्या लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर ते बसले. गुडघे कानाला लागले.

मीरगुलनं डोळे पुसले. उचकी कुठे गेली तिचं तिलाच कळलं नाही. पुढे आली, छातीवर हात ठेवला आणि सावकाश म्हणाली, "माय नेम इज मीरगुल. व्हॉट इज युअर नेम?"

हे म्हणाले, "माय नेम इज मीरगुल."

लोक हसले. ती हसली नाही. मान हलवली, पुन्हा आपल्याकडे बोट, पुन्हा त्यांच्याकडे. हे म्हणाले, "व्हॉट." पुन्हा हशा. उंच भावजी ओरडले, "अरे गाढवा, तुला विचारतेय!" ह्यांनी उलट सांगितलं, "तू ये ना मग इथे!"

मीरगुल वळली आणि मॉरागसमोर गेली. "व्हॉट इज युअर नेम?" मॉराग म्हणाली, "माय नेम इज मॉराग." मग ती थेट हॅलोरन साहेबांपुढे उभी राहिली. तोच प्रश्न. साहेब शाळकरी पोरासारखे उभे राहिले, "माय नेम इज डेस्मंड." मग बुरुलाय मॅडम. मॅडमनी चष्मा घातला, काढला, आणि सगळं सभागृह आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर म्हणाल्या, "माय नेम इज बुरुलाय."

मीरगुल परत ह्यांच्यासमोर आली. ह्यांच्या डोक्यात दिवा लागलेला मला मागून दिसला. मानच अशी वर झाली. ते खुर्चीतून उठले, खुर्ची थोडी त्यांच्याबरोबर उठली, ती त्यांनी खाली बसवली, आणि म्हणाले, "माय नेम इज..."

आणि सांगितलं. खणखणीत, बापाच्या नावासकट. काय ते मी सांगणार नाही. सभागृह भरलेलं होतं, कुणालाही विचारा.

मग उंच भावजी लोकांचे पाय तुडवत पुढे आले. "मला पण विचार." रेडिओ भावजी त्यांना ढकलत होते. मग काय, रांगच लागली. गावातले झाडून सगळे म्हातारे, काठ्या टेकत, खोकत, टोप्या सारख्या करत. मीरगुल एकेकाला विचारत होती आणि एकेक जण आपलं नाव असं सांगत होता, जणू आजच ठेवलंय. ज्या नावांना आम्ही सुनांनी जन्मभर वळसे घातले, ती सगळी नावं त्यांनी स्वतः ओळीनं आमच्या पुढ्यात मांडली. कुणीतरी काराझारच्या मास्तरलाही रांगेत ढकललं. तोही सांगून गेला.

शेवटी मीरगुल माझ्यासमोर आली. "आई," ती म्हणाली, आणि मग इंग्रजीत, "व्हॉट इज युअर नेम?"

अहो, मला गावात कुणी तालायची आई म्हणतं, कुणी काकू म्हणतं, हे तर 'अगं' म्हणतात. मी थोडी चाचपडले. मग म्हटलं, "माय नेम इज सैराकान."

हे शेजारी येऊन बसले होते. म्हणाले, "चांगलं नाव आहे. मला विसरायलाच झालं होतं."

"तुम्हाला घ्यायला तर बंदी नव्हती," मी म्हटलं.

बुरुलाय मॅडम कागदावर पेन आपटत होत्या. "पण नियमाप्रमाणे पहिल्या प्रश्नाचं उत्तर उमेदवाराकडून आलं नाही."

"नाही आलं," हॅलोरन साहेब म्हणाले, "पण आपण इथे शिक्षक शोधायला आलो होतो ना? तुम्हाला बोलायचं नव्हतं, तरी तिनं तुमच्याकडूनही नाव वदवून घेतलं. मी तर उभासुद्धा राहिलो." मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रांगेत अजून नाव सांगायचं राहिलेल्या एका बहिऱ्या आजोबांकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, "पुढचे प्रश्न विचारा." पुढचे प्रश्न मीरगुलनं असे उडवले की बस. डॅनिश बाईची हकिगत तिनं सांगितली तेव्हा मॅडमचं पेन थांबलं. निकाल त्यांनी जेवणाआधीच सांगून टाकला. जेवणानंतर आपल्याला बोलता येणार नाही, हे त्यांना मेंढ्याच्या वासावरून कळलं असावं. वर्ग कोक-ओझोनला. शिक्षिका मीरगुल.

आता वर्ग भरतो. शाळेची नळीही दुरुस्त झाली. एक अडचण आहे, अर्धा वर्ग मीरगुलच्या सासरचा, त्यामुळे हजेरी घ्यायची कशी? तर ती घेतच नाही. दारातून आत येताना प्रत्येक जण आपलं नाव आपण सांगतो आणि बसतो. हे तर दोनदा सांगतात, एकदा आत येताना आणि एकदा उगीच.

परीक्षेच्या संध्याकाळी तालायचा फोन आला होता. मी घेतला.

"आई, काय झालं? घेतलं का तिनं बाबांचं नाव?"

"नाही रे."

"नाही? मग... नापास?"

"पास. तुझ्या बाबांनी घेतलं."

तो हसायला लागला, आणि हसता हसता नाक ओढल्यासारखा आवाज आला. "आई, आता त्या तिकिटाचं काय करू?"

"तिचं परत कर," मी म्हटलं, "आणि तुझं इकडचं काढ. आणि येताना बाबांसाठी वही आण. नवीन विद्यार्थी आहेत, हट्ट धरून बसलेत."